गुडघे नसलेली राजकन्या आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

श्रोतेहो, नमस्कार.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की एखादा तरी ग्रुप बिचकत विचारतो, “मॅडम, गेम केला तर चालेल का?” बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “काहीतरी उपयोगाचं घ्या.” मग पुन्हा हजेरीची सिस्टिम येते, लायब्ररीची सिस्टिम येते. मी हा विषय शिकवते आणि आज मला गेम मागणाऱ्या त्या मुलांच्या बाजूने बोलायचं आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रेडमंड नावाचं शहर आहे. तिथल्या डिजिपेन या संस्थेतल्या काही विद्यार्थ्यांनी २००५ साली शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ नावाचा गेम केला. किम स्विफ्ट, जीप बार्नेट आणि त्यांचे सोबती. गोष्ट साधी. एका राजकन्येला राक्षसाने कोंडून ठेवलंय. तिला उडी मारता येत नाही, कारण तिला गुडघेच नाहीत! गेममध्ये तिचं नावच ‘प्रिन्सेस नो-नीज’. पण तिची कोठडी जिवंत आहे, आणि त्या कोठडीच्या भिंतींवर खेळणाऱ्याला दोन दारं उघडता येतात. एका दारातून आत शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. सगळा गेम या एका नियमावर उभा आहे.

आता हे दार पडद्यावर दाखवायचं म्हणजे काय करायचं ते बघा. दारातून पलीकडचं दिसलं पाहिजे. त्यासाठी पहिल्या दारापासून आपण ज्या अंतरावर, ज्या कोनात आहोत, तेवढ्याच अंतरावर आणि कोनात दुसऱ्या दाराशी कॅमेरा नेऊन ठेवायचा आणि दृश्य पुन्हा काढायचं. दोन दारं समोरासमोर आली की दारात दार दिसतं, त्यात आणखी एक दार. कुठे थांबायचं ते प्रोग्रॅमला सांगावं लागतं. एखादी पेटी अर्धी इकडे, अर्धी तिकडे असेल तर ती नक्की कुठे आदळणार? पहिल्या वर्षी परीक्षेपुरतं पाठ केलेलं मॅट्रिक्सचं गणित, दुसऱ्या वर्षी पाठ केलेलं रिकर्जन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा कोड, दोन्ही इथे हाताला लागतात. हे काम ‘उपयोगाचं’ नाही असं कोण म्हणेल?

संस्थेच्या रोजगार मेळाव्यात व्हॉल्व्ह या गेम करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी तो गेम पाहिला. मुलांना कंपनीत दाखवायला बोलावलं आणि त्या टीमला नोकरीवरच घेतलं. २००७ साली त्या कल्पनेतून कंपनीचा ‘पोर्टल’ हा गेम आला. पुढे त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्यांनी रंग फवारून जमिनीचे गुणधर्म बदलणारा ‘टॅग’ नावाचा गेम केला. २००९ साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये तो विद्यार्थ्यांचा सर्वोत्तम गेम ठरला, आणि ती कल्पना २०११ च्या ‘पोर्टल २’मध्ये उतरली.

नोकरी मिळाली ही गोष्ट मोठी आहेच. पण मला त्याच्या आधीचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. मेळाव्यात आलेल्या अनोळखी माणसाला समोर बसून ते काम खेळता येत होतं. आपल्याकडे प्रोजेक्ट कोण वापरतं? गाईड बघतात, रिव्ह्यूला दोन शिक्षक बघतात, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, तोंडी परीक्षा घेतात, ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाचं, बाइंडिंग होतं आणि ती कपाटात जाते. हजेरीची सिस्टिम ज्या वर्गातल्या मुलांनी केली, त्या वर्गाचीसुद्धा हजेरी त्यावर लागत नाही. गेमची गोष्ट वेगळी. खेळणारा दोन मिनिटांत अडकला किंवा कंटाळला तर ते सगळ्यांना दिसतं; तिथे स्लाइड मदतीला येत नाही.

अनोळखी खेळणारा हवा असेल तर गेम जॅममध्ये जावं. गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात गेम करून दाखवायची स्पर्धा. ‘लुडम डेअर’ ही त्यातली जुनी, २००२ पासूनची. एकट्याने भाग घेतला तर ४८ तास, आणि कोड, चित्रं, आवाज सगळं त्याच वेळात स्वतः केलेलं पाहिजे. मला तिची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात. आपण दुसऱ्यांचे गेम खेळायचे, म्हणजे ते आपला खेळतात. ‘ग्लोबल गेम जॅम’ जानेवारी २००९ मध्ये २३ देशांत सुरू झाला, पुढे शंभराहून अधिक देशांत पोचला. त्यात बक्षीस नसतं, विषय जाहीर होतो आणि सगळे कामाला लागतात. आणि ‘जेएस-थर्टीन-के’ नावाच्या स्पर्धेत महिनाभर वेळ मिळतो, पण झिप केलेला अख्खा गेम १३ किलोबाइटमध्ये बसवायचा. बँकेच्या परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात आपला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, हे मुलांना तोंडपाठ असतं. म्हणजे फोटोहून लहान गेम!

या स्पर्धांतून मुलं काय शिकतात, तर टाकून देणं. सुरुवातीला वही भरून बेत असतात: दहा किल्ले, घोडदळ, ऑनलाइन लढाई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक बुरूज आणि एक नियम उरतो, आणि तो नियम नीट चालतो. हे ज्याने एकदा अनुभवलं त्याचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा सुरुवातीचा आराखडा, वेगळा असतो. म्हणून माझं सांगणं असं की तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीतच एक जॅम करून या. चौथ्या वर्षी विषय निवडताना हात धीट झालेला असतो.

विषय कुठून आणायचा? आट्यापाट्या बघा. पाटी म्हणजे मैदानावर आखलेली पट्टी. ती धरणारा आपल्या आडव्या पाटीवरच हलू शकतो, फक्त सूर नावाचा गडी मधल्या उभ्या पाटीवर धावतो. संगणकाला शिकवायला याहून नेटका खेळ मला माहीत नाही. पाटीवरच्या गड्याला डावीकडे की उजवीकडे एवढाच निर्णय घ्यायचाय, पण समोरचा हुलकावणी देतोय. ती हुलकावणी ओळखायची कशी? सूर आणि पाटीवाल्याने मिळून कोंडी कशी करायची? एका ग्रुपला वर्षभर पुरेल इतकं काम त्यात आहे. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम तयार करायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि साध्या द्विमितीय गेमसाठी घरातला जुना लॅपटॉपही चालतो.

पालकांनो, मुलगी दोन रात्री जागून गेम ‘करत’ असेल तर तिला चहा द्या आणि झाल्यावर तो खेळून बघा. तुम्हाला जमला नाही तर तिला तेच सांगा, तिला तेच हवं आहे.

आणि एक्स्टर्नल म्हणून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती. असा ग्रुप समोर आला तर स्लाइड सुरू व्हायच्या आधी कीबोर्ड हातात घ्या. मुलांना दहा मिनिटं काहीही न सांगता उभं राहू द्या आणि तुम्ही खेळा. जिथे अडकाल, पहिला प्रश्न तिथलाच विचारा.

नमस्कार.