गुणसूत्रे कोण ओढते?

पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर ठेवलेला कांदा, त्याच्या बुडाला फुटलेली पांढरी मुळे आणि त्या मुळांची टोके रंगवून काचपट्टीवर दाबणारे विद्यार्थी हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीत गुणसूत्रे मध्यावर रांगेत उभी दिसतात, तर शेजारच्या पेशीत ती दोन टोकांकडे निघालेली असतात. मात्र रंगवलेल्या त्या पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे चाल दिसत नाही, फक्त मुक्काम दिसतात. पेशीविभाजनातला हा मधला प्रवास ‘तर्कुतंतू (त्या वेळी पेशीत तयार होणारे धागे) गुणसूत्रांना ओढतात’ या एका वाक्यात उरकला जातो, आणि आपल्याला आज ज्याची चौकशी करायची आहे ते हेच वाक्य आहे.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या डिंभांच्या पेशींवर काम करून 1882 मध्ये या विभाजनाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. गुणसूत्रे त्यांनी अचूक रेखाटली होती, परंतु तंतूंविषयीचा वाद पुढे कित्येक दशके चालू राहिला. पेशी मारताना वापरलेल्या रसायनांमुळेच ते तंतू तयार होत असावेत, असे अनेकांना वाटे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला शिन्या इनोउए यांनी ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशींमध्ये ते तंतू दाखवले, तेव्हा ती शंका मिटली.

हे तंतू म्हणजे सूक्ष्मनलिका होत. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकावर एक रचून बनलेल्या, साधारणपणे 13 रांगांच्या, सुमारे 25 नॅनोमीटर जाडीच्या या पोकळ नळ्या रबरासारख्या आखडत नाहीत. त्यांच्या टोकाला नवे कण जोडले जातात किंवा असलेले कण सुटून जातात, आणि नळीची लांबी केवळ या हिशेबाने वाढते किंवा घटते. नळीची दोन टोके सारखी नसतात. चातीच्या आकाराच्या या सांगाड्यात ऋण टोके सहसा ध्रुवांकडे, म्हणजे सांगाड्याच्या दोन टोकांकडे असतात, तर धन टोके मध्याकडे. ही दिशा नसती, तर कोणत्याही प्रथिनाला कुठे जायचे ते कळले नसते.

या रस्त्यांवर चालणारी प्रथिने दोन घराण्यांतली आहेत. डायनिनचे नाव 1965 मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या केसांसारख्या अवयवांच्या अभ्यासातून आले. कायनेसिन 1985 मध्ये सापडले ते अमेरिकेतील वुड्स होल येथे, म्हाकुळाच्या जाड चेतातंतूच्या अभ्यासातून. पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून कायनेसिन 8 नॅनोमीटरचे एक पाऊल टाकते. शास्त्रज्ञ त्याच्या पावलांना ‘डोकी’ म्हणतात, हा नामकरणाचा विनोद मात्र कायम राहिला आहे. बहुतेक कायनेसिने धन टोकाकडे चालतात आणि डायनिन ऋण टोकाकडे.

विभाजनाच्या आरंभी या मोटरप्रथिनांची लगबग सर्वाधिक असते. एजी-फाइव्ह या कायनेसिनला दोन्ही बाजूंना मिळून चार डोकी असतात, आणि समोरासमोरून आलेल्या दोन नलिका धरून ते त्यांना एकमेकींवरून सरकवते, ज्यामुळे दोन्ही ध्रुव दूर ढकलले जातात. 1999 मध्ये सापडलेल्या मोनॅस्ट्रॉल या रेणूने ते अडवले, की ध्रुव वेगळे होतच नाहीत आणि गुणसूत्रे एकाच केंद्राभोवती तारकेसारखी पसरून राहतात. दरम्यान, एखाद्या गुणसूत्राच्या कमरेवरचा कायनेटोकोर, म्हणजे नलिका धरणारा प्रथिनांचा गठ्ठा, नलिकेला कडेने चिकटला, तर डायनिन त्याला झपाट्याने ध्रुवाकडे घेऊन जाते. तिथून त्याला पुन्हा मध्यावर आणण्याचे काम सेन्प-ई नावाचे कायनेसिन करते, तेही आधीच रांगेत लागलेल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या नलिकांवरून चालत.

इथवर मोटरींची बाजू भक्कम आहे. खरा पेच पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे वेगळी होण्याच्या टप्प्यात येतो, कारण जोडीतली अर्धगुणसूत्रे (गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती) सुटी होऊन विरुद्ध ध्रुवांकडे निघतात तेव्हा त्यांना कोण ओढते, याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे मिळाले नाही.

अमेरिकेतील ब्रूस निकलस यांनी नाकतोड्याच्या शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींमध्ये काचेची अतिसूक्ष्म सुई घातली, ध्रुवाकडे चाललेल्या गुणसूत्राला तिने अडवले आणि वाकलेल्या सुईवरून जोर मोजला. 1983 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता सुमारे 700 पिकोन्यूटन (पिकोन्यूटन हे बलाचे अतिसूक्ष्म एकक). पेशीद्रवातून गुणसूत्र नेहमीच्या गतीने सरकवायला एक पिकोन्यूटनही लागत नाही, आणि एक कायनेसिन जास्तीत जास्त सहा-सात पिकोन्यूटनांपर्यंत तग धरते. एवढी ताकद राखीव असूनही गुणसूत्र मिनिटाला साधारण एक-दोन मायक्रोमीटर एवढ्याच संथ गतीने जाते, जे अंतर मोकळे कायनेसिन काही सेकंदांत कापते.

1987 मध्ये नलिकांवर लेसरने खूण करून पाहिले, तेव्हा खूण जवळपास जागच्या जागी राहिली आणि गुणसूत्रच तिच्या दिशेने सरकत आले. याचा अर्थ नलिका गुणसूत्राकडच्या टोकाशीच झिजत होती. पुढल्याच वर्षी काचपात्रात, एटीपीशिवाय, विरघळणाऱ्या नलिकेच्या टोकाला धरून गुणसूत्र सरकताना दिसले. 2006 मध्ये तर ऋण टोकाकडे चालणाऱ्या मोटरी काढून टाकलेल्या यीस्टमध्येही गुणसूत्रे ध्रुवाकडे गेली. केळे सोलताना सालीच्या पट्ट्या बाहेर वळतात, तशा नलिकेच्या रांगा सुटताना बाहेर वळतात, आणि नलिका बांधताना तिच्यात साठलेली ऊर्जा त्या वळणातून मोकळी होते. कायनेटोकोरमधली एनडीसी-80 सारखी प्रथिने हे विरघळते टोक न सोडता धरून ठेवतात. दोर ओढणारा कोणी नसतो. दोरच उसवत जातो आणि त्याच्या उसवण्यावर ओझे पुढे सरकते.

म्हणून मोटरी या टप्प्यात रिकाम्या बसतात, असे नव्हे. कायनेसिन-13 कुटुंबातली प्रथिने चालत नाहीत, तर टोकाशी बसून नलिका सोलतात. फळमाशीच्या पेशींत त्यांतले एक कायनेटोकोरपाशी, तर दुसरे ध्रुवापाशी हे काम करते. सपुष्प वनस्पतींमध्ये डायनिन नसते, तरीही कांद्याची गुणसूत्रे वेळेवर पोचतात, आणि ऋण टोकाकडे जाण्याची जबाबदारी तिथे कायनेसिन-14 कुटुंबाकडे आहे.

काचेच्या सुईने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते निकलस यांच्या सर्व प्रयोगांत ती सर्वांत देखणी आहे. प्रार्थनाकीटकाच्या अशाच पेशीत कधी एक एक्स गुणसूत्र सुटे राहते, आणि त्याच्यासाठी अख्खी पेशी तासन्‌तास थांबून राहते. 1995 मध्ये निकलस आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या एकट्या गुणसूत्राला सुईने हलका ताण दिला. पेशीने तो ताण योग्य जोडणीचा मानला आणि विभाजन सुरू केले.

नलिकाच नसतील तर काय होते, हे पाहायला पुन्हा कांद्याकडे येता येते. पावसाळ्यात सह्याद्रीत ज्वाळांसारखी फुले मिरवणाऱ्या कळलावीमध्ये कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते, जे ट्युब्युलिनला चिकटून नलिका बांधू देत नाही. त्याच्या द्रावणात ठेवलेल्या कांद्याच्या मुळांत गुणसूत्रे दुप्पट होतात, अर्धगुणसूत्रे एकमेकांपासून सुटतातही, पण कुठेही जात नाहीत. काही वेळाने त्या सगळ्यांभोवती एकच केंद्रकपटल तयार होते, आणि 16 गुणसूत्रांच्या पेशीची 32 गुणसूत्रांची एकच पेशी होते.