बी पॉझिटिव्ह

[पहाट. खानापूर बसस्टँड.]

बेळगावच्या पहिल्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या काकांच्या डाव्या मनगटाला कान लावा. मांजर गुरगुरावं तसं ऐकू येईल. हा फिस्टुला, धमनी शिरेला जोडून केलेला. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, दोन जाड सुया इथंच टोचतात.

[डायलिसिसची खोली. वजनकाटा.]

मशीनवर जाण्याआधी वजन. अंगात किती पाणी साठलं, ते काटा सांगतो. ठरावीक महिन्यांनी काविळीचीही तपासणी, हेपॅटायटिस बी आणि सी. मागं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा रिपोर्ट आला, 'बी पॉझिटिव्ह'. बायको म्हणाली, "व्हय की, रक्तगट त्यांचा तोच हाय न्हवं?" रिपोर्ट इंग्रजीत, पाट्या कन्नडमध्ये. सिस्टरनं बाजूला घेऊन मराठीत समजावलं, तेव्हा बाई मटकन खाली बसली.

त्या दिवसापासून त्याचं मशीन वेगळं. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो.

बीची लस काका आणि हा शेजारी, दोघांनीही घेतली होती. धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस पुरतात. डायलिसिसवाल्यांना ४० चे चार, कारण किडनी थकली की रक्तात साठणारी घाण प्रतिकारशक्तीलाही सुस्तावते. तरी काकांची टायटर, म्हणजे लसीनं रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं माप, संरक्षणाला लागणाऱ्या १० च्या वर गेली, शेजाऱ्याची गेलीच नाही.

का? सगळं उत्तर एका जागी नाही, पण एक धागा सहाव्या गुणसूत्रावर जातो. तिथली एचएलए जनुकं पेशींवर जणू ताटं मांडतात. विषाणूचा किंवा लसीतला तुकडा त्यात ठेवून पहारेकरी पेशींना दाखवायचा. ताटाचा घाट माणसागणिक वेगळा, आणि काही ताटांत हा तुकडा नीट बसत नाही. डीआरबी१ या एचएलए जनुकाचा ०३ किंवा ०७ हा प्रकार असलेल्यांत लस कमी लागू पडते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. किडनी द्यायला आई पुढं येते, तेव्हा जुळवून बघतात ते हेच एचएलए.

हेपॅटायटिस सीची गोष्ट एकोणिसाव्या गुणसूत्रावर. आयएल२८बी या जनुकाजवळचा फरक २००९ मध्ये सापडला. सी आपोआप बरा होणार की ठाण मांडणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. आता बारा आठवड्यांच्या गोळ्या आल्यात, त्यामुळं त्या फरकाची मातब्बरी उरली नाही.

जनुकांवर खापर फोडणं सोयीचं असतं, हेही सांगायला हवं. कारण विषाणू येतो तो न बदललेल्या हातमोज्यांवरून.

[काकांचा चेहरा. सुई टोचण्याआधीचा क्षण.]

काका हल्ली सिस्टरच्या तोंडाकडे बघतच नाहीत.

"बाई, मोजे?"

सिस्टर हसते, जुने काढून डब्यात टाकते, नवे चढवते.