खेळाडू पिकतात कुठे, गळतात कुठे

श्रोतेहो, नमस्कार.

ऑलिंपिक विजेत्यांची जन्मगावं नकाशावर टिंबं देऊन मांडली, तर ती सगळीकडे सारखी पडत नाहीत. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत लांब पल्ल्याचे धावपटू, जमैकात शंभर-दोनशे मीटरवाले, रशियातल्या दागेस्तानात पैलवान, अशी टिंबांची दाटी होते. ती पाहिली की ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे उत्तर तयारच असतं. रक्ताचा वाटा आहे, पण तो कुठवर पुरतो आणि कुठे संपतो, हे आज पाहू.

त्याआधी मोजणीबद्दल थोडं. लहान गाव फसवतं. दर लाख लोकांमागे सरासरी एक नामांकित खेळाडू असं प्रमाण धरा. मग 50,000 वस्तीच्या गावात अपेक्षा अर्ध्या खेळाडूची. अशी 100 गावं घेतली, तर निव्वळ योगायोगानं साधारण 9 गावांत दोन किंवा जास्त खेळाडू निघतील आणि साठेक गावांत एकही नाही. त्या नऊ गावांच्या पाण्याची, मातीची, आहाराची चर्चा सुरू होते; खरं तर तिथे काहीच वेगळं नसतं. म्हणून एखाद्या प्रदेशाला खाण म्हणायचं, तर निदान दोन-तीन पिढ्या तपासाव्यात, आणि खेळाडू जन्मला कुठे यापेक्षा बारा ते अठरा या वयात राहिला कुठे, ते धरावं. वेळेची तुलना करतानाही एक गफलत हमखास होते. हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली शंभर मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा अंदाजे 0.24 सेकंदांनी कमी भरते. एका जिल्ह्यात हातानं, दुसऱ्यात यंत्रानं वेळ घेतली, तर पहिला जिल्हा फुकटात वेगवान ठरतो.

आता रक्ताकडे वळू. वेगाचं जनुक म्हणून एसीटीएन-3 चं नाव घेतलं जातं. स्नायूंतल्या झटपट आकसणाऱ्या तंतूंमध्ये लागणारं एक प्रथिन त्यावरून बनतं. अव्वल वेगवान धावपटूंमध्ये त्याची निदान एक चालू प्रत जवळपास नेहमीच सापडते. पण जगात दर पाच माणसांपैकी साधारण चौघांकडे ती असतेच. पश्चिम आफ्रिकेत तर हे प्रमाण भरपूर आहे, तरी तिथले सगळे देश जमैका झाले नाहीत. म्हणजे हे जनुक दारातून आत येण्यापुरतं. पुढचं घर दुसऱ्याच गोष्टींवर उभं राहतं.

शरीराच्या ठेवणीचा फायदा मात्र खरा आहे. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतल्या कालेंजिन जमातीच्या धावपटूंच्या पोटऱ्या बारीक आणि हलक्या असतात. पायाच्या टोकाचं वजन दर पावलाला झुलवावं लागतं, म्हणून ते महाग पडतं. प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढवले, तर त्याच वेगासाठी सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. मॅरेथॉनमध्ये एक टक्का म्हणजे मिनिटाच्या पुढचा फरक.

उंचीचंही तसंच. केनियातलं इटेन हे धावपटूंचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब खालच्या तीनचतुर्थांश. शरीर त्यावर जास्त हिमोग्लोबिन बनवून उत्तर देतं. ढोबळ हिशेब असा की दर 100 तासांमागे साधारण एक टक्का. तीन आठवड्यांचे पाचशे तास धरले, तर पाच टक्के. हे ऐकून लोक डोंगरावर शिबिरं भरवतात आणि दोन जागी चुकतात. एक तर जाण्याआधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासत नाहीत. लोहाचा साठाच नसेल तर हिमोग्लोबिन बनणार कशातून? दुसरं, तिथेही सपाटीवरच्याच वेगानं पळायचा हट्ट धरतात आणि पहिल्या आठवड्यातच पाय जड करून घेतात. आणि उंचीनंच सारं होत असतं, तर ला पाझ, ल्हासा, काठमांडूभोवतीचे डोंगर मॅरेथॉन विजेत्यांनी भरले असते.

रक्ताच्या सिद्धांताला सगळ्यात अवघड प्रश्न विचारते ती फिनलंडची गोष्ट. तिथल्या पाव्हो नुर्मी या लांब पल्ल्याच्या धावपटूनं 1920 ते 1928 या काळात ऑलिंपिकची 9 सुवर्णपदकं मिळवली. लासे विरेननं 1972 आणि 1976 मध्ये 5000 आणि 10,000 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. मग ती परंपरा आटली. दोन पिढ्यांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. केनियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 1968 चं. त्याआधीही कालेंजिन तिथेच होते, तितक्याच उंचीवर, तशाच पोटऱ्या घेऊन.

मग बदललं काय? गाळणी, म्हणजे गुणी मुलं शोधण्याची, शिकवण्याची आणि टिकवण्याची व्यवस्था.

हिशेब करून पाहा. दोन प्रदेश, दोन्हीकडे दहा-दहा मुलं जन्मतः असामान्य. पहिल्या प्रदेशात दहापैकी नऊ मुलं कधीतरी घड्याळासमोर पळतात, त्यातल्या निम्म्यांना जाणता प्रशिक्षक मिळतो आणि त्यातली निम्मी अठरापर्यंत टिकतात. गुणाकार केला की उरतात सव्वादोन. दुसऱ्या प्रदेशात दहात एक मूल पळतं, प्रशिक्षक पाचात एकाला, टिकणारा पाचात एक. उरतं 0.04. गुणवत्ता तीच आणि फरक 56 पट! पायऱ्यांचा इथे गुणाकार होतो, बेरीज नाही. म्हणून एकच पायरी दुपटीनं सुधारली तरी निकाल दुप्पट होतो, आणि एक पायरी शून्य झाली की बाकीचा खर्च पाण्यात.

जमैकाची पहिली पायरी जबरदस्त आहे. ‘चॅम्प्स’ ही तिथली आंतरशालेय स्पर्धा 1910 पासून चालत आली आहे. राष्ट्रीय मैदान खचाखच भरतं, माजी विद्यार्थी शाळेच्या चमूसाठी पैसे गोळा करतात. अशा देशात वेगानं पळणारं मूल लपून राहणं अवघड. उसेन बोल्टचा वेग शाळेत क्रिकेट खेळताना दिसला आणि त्याला धावायला पाठवलं गेलं. दुसरी पायरी 1980 ची: जी. सी. फॉस्टर महाविद्यालय, जिथून शिकलेले प्रशिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. बक्षीस समारंभाला प्रशिक्षकांचं महाविद्यालय दिसत नाही ना!

इटेनमध्येही एक शाळा आहे, सेंट पॅट्रिक्स. आयरिश धर्मबंधू कोल्म ओ’कॉनेल तिथे 1976 मध्ये आले; पुढे डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली घडला, ज्यानं 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. शिवाय या गावात विजेता रोज सकाळी दारावरून पळत जातो. त्याच्या मागे शंभर पावलं टिकून पाहणं कुठल्याही मुलाला जमतं, आणि आपण कुठे आहोत ते तिथेच कळतं.

निवडीतली एक नेहमीची चूक सांगतो. वयोगटाची तारीख 1 जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं. दहाव्या वर्षी हा आयुष्याचा दहावा हिस्सा! प्रशिक्षक मोठ्याला गुणी समजतो, त्याला सराव मिळतो, आणि मग तो खरंच पुढे जातो. कॅनडातल्या आइस हॉकीत हे 1980 च्या दशकातच मोजलं गेलं. उपाय स्वस्त आहे. चाचणीच्या वेळी बनियनवरचे क्रमांक जन्मतारखेच्या क्रमानं द्यायचे, सर्वांत मोठ्याला 1, आणि निवडकर्त्यांना ते आधी सांगायचं. नॉर्वे दुसऱ्या वाटेनं गेला: तिथे तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. मुलं हरून लवकर सोडून जात नाहीत. सुमारे 53 लाखांच्या या देशानं 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 39 पदकं नेली.

आणि भरलेली खाण रिकामी कशी होते? जालंधरजवळच्या संसारपूरनं डझनाहून अधिक हॉकी ऑलिंपिकपटू दिले, काही तर केनियाकडूनही खेळले. 1976 मध्ये मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर झाली. तिथे चेंडू सरळ आणि वेगानं येतो, त्यामुळे गवतावरचं थांबवण्याचं, चकवण्याचं कसब निम्मं निरुपयोगी झालं. नवं मैदान महाग, त्याला पाणीही फार लागतं. मुलं गवतावर शिकत राहिली, निवड मात्र टर्फवर, म्हणजे त्या कृत्रिम मैदानावर, होऊ लागली.

नमस्कार.