आकड्याच्या पुढचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला कैद झाली, तर बाळ किती दिवस तिच्याजवळ राहील, याचा आकडा देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये साधारण १८ महिने, स्पेनमध्ये ३ वर्षं, भारतात ६. न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफोर्ड हिल्स तुरुंगात १९०१ पासून बाळांचा विभाग आहे, तिथं साधारण वर्षभर. नॉर्वेत मुलांना तुरुंगात ठेवतच नाहीत.

चर्चा या आकड्यावरच अडते. खरी मेख पुढे आहे: वय भरलं की मूल कुणाच्या हाती जातं?

आपल्याकडे आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी हे ठरवून दिलं. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात. जन्मदाखल्यात जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, नुसता त्या भागाचा पत्ता. (शाळेत नाव घालताना हाच कागद पुढे करावा लागतो.) ६ वर्षं झाली की मूल आई सांगेल त्या माणसाकडे, तसं कुणी नसेल तर समाजकल्याण खात्याच्या संस्थेत, शक्यतो त्याच गावात, आणि आठवड्यातून निदान एकदा आईची भेट. घोळ होतो तो इथं. आईला दुसऱ्या तुरुंगात हलवलं की संस्था एका गावात, आई दुसऱ्या. भेट कागदावरच उरते.

भेटीची तऱ्हाही बघा. मधे काच, कानाला रिसीव्हर. आई समोर दिसतेय आणि आवाज फोनमधून येतोय, हे दोन वर्षांच्या पोराला जुळत नाही. ते काचेवर हात आपटतं, रडतं, तेवढ्यात वेळ संपते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत मुलांशी मोकळ्या भेटीचा आग्रह आहे तो उगाच नाही.

बाहेर राहिलेली थोरली भावंडं तर बऱ्याचदा हिशेबातच नसतात. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती धरली: १२ वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या कच्च्या कैदी आईला घरीच स्थानबद्ध ठेवायचं. हिंसक गुन्हा किंवा स्वतःच्याच मुलाविरुद्धचा गुन्हा असेल तर ही सवलत नाही.

भारतात कैदेतल्या स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मूल ६ वर्षांचं व्हायच्या बरंच आधी, आईच्या सहीचा अर्ज त्या वकिलामार्फत तुरुंग अधीक्षकांकडे द्यावा. मूल ज्याच्याकडे सोपवायचं त्याचं नाव, नातं, पत्ता त्यात हवा. आणि अर्जाची पोच मागून घ्यावी.