पाण्यातलं वाकडं देऊळ

नमस्कार श्रोतेहो.

रंगवणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एखादं चित्र असतं. पूर्ण झालेलं, सही केलेलं, कधी फ्रेमही केलेलं, पण मनाला न पटलेलं. टाकवत नाही आणि लावतही येत नाही. अशा चित्राला पुन्हा हात लावावा का, आणि लावायचा तर कसा, हे मला आज सांगायचं आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पण या बाबतीत जे शिकलो, ते एका दवाखान्यातल्या बाकावर बसून. तीच गोष्ट आधी सांगतो.

मी वाईचा. आमच्या वाईत कृष्णेच्या काठावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते बांधलं. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. बांधणाऱ्यानं नदीचा किती विचार केला होता बघा.

१९९४ साली मी या देवळाचं तैलचित्र केलं. दोन फूट बाय तीन फूट. समोरच्या काठावर बसून सकाळी रेखाटन आणि पहिले रंग, आणि पुढचं सगळं काम घरी, रात्री ट्यूबलाइटखाली. एका डॉक्टरांना ते आवडलं, त्यांनी विकत घेतलं आणि दवाखान्यात पेशंट बसतात तिथे लावलं. मला फार आनंद झाला. चित्र दिवाणखान्यापेक्षा दवाखान्यात लावलेलं बरं, असं मला आजही वाटतं. दिवाणखान्यात चार माणसं बघतात. दवाखान्यात ज्याचं दुखतंय तो माणूस अर्धा तास दुसरं काही करू शकत नाही, म्हणून तो चित्र नीट बघतो. आता त्या भिंतीवर सगळीकडे टीव्ही आले. तापानं फणफणलेल्या पोरासमोर टीव्हीवरचा तो आरडाओरडा कशाला हवा, मला कळत नाही. असो.

नऊ वर्षांनी, २००३ साली, आईच्या गुडघ्यांसाठी मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. गर्दी होती. शेजारी एक आजोबा बसले होते. पटका, काठी, पायाला पट्टी. उमेदीत नदीवर मासे धरायचे, हे मागाहून कळलं. ते चित्राकडे एकटक बघत होते. मला बरं वाटत होतं. थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्यो चितारी वाईचा न्हवं वाटतं.”

मी विचारलं, “का हो?”

काठीनं दाखवत म्हणाले, “देऊळ पाण्यात कलतं पडलंय बघा. पाण्यात पडल्यालं सरळ खाली पडतंय. वारं सुटलं तर मोडतंय, पर कलत न्हाई.”

मी वर बघितलं. नऊ वर्षांत शंभर वेळा बघितलं असेल, पण खरं बघितलं ते तेव्हा. शिखराचं प्रतिबिंब मी उजवीकडे तिरकं काढलं होतं. सकाळच्या उन्हात घाटाच्या पायऱ्यांवर देवळाची सावली तिरकी पडलेली होती, ती बरोबर होती. घरी बसून रंगवताना तोच कल मी पाण्यातही उतरवला. सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत केली. वर्गात मुलांना शिकवायचो, सावली सूर्यामुळे पडते, ती हवी तिकडे तिरकी होईल; प्रतिबिंब मात्र बघणाऱ्याच्या दिशेनं सरळ खाली येतं. पुन्हा सांगतो, कारण नदी, तळं रंगवणारे नव्वद टक्के लोक इथेच चुकतात असा माझा अनुभव आहे. सावली तिरकी पडते. प्रतिबिंब सरळ खाली.

त्या चित्रात काहीतरी खुपतंय हे मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. मी आभाळाला दोष द्यायचो, कधी हिरव्या रंगाला. खुपत होतं ते मी कधी नीट शोधलंच नव्हतं. त्या आजोबांनी अर्ध्या तासात शोधलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, “चित्र माझ्याकडे आठ दिवस द्या, दुरुस्त करतो.” डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, नेलंत तर तुम्ही परत आणणार नाही. रविवारी दवाखाना बंद असतो. इथेच काय करायचं ते करा.” कंपाउंडरकडे किल्ली दिली.

रविवारी सकाळी नऊला मी पोचलो. रंगाच्या ट्यूबा, जवसाचं तेल, टर्पेंटाईन, जुन्या धोतराची फडकी. चित्र उतरवून दोन खुर्च्यांवर टेकवलं. शेजारच्या दत्ताच्या तसबिरीसमोर रोज उदबत्ती लागायची, तिचा धूर चित्रावर बसलेला. कापूस किंचित ओला करून इंच इंच पुसून काढला. चित्राला व्हार्निश नव्हतं, म्हणून हे सोपं गेलं. व्हार्निश असेल तर त्यावर रंग चढवू नका, आधी ते उतरवावं लागतं.

प्रतिबिंबाचा पांढरा मी नाईफनं, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीनं, जाड लावला होता. तो उंचवटा तसाच ठेवून वर रंग दिला तर तो खालून दिसणार. कंपाउंडरनं ड्रेसिंगच्या खोलीतून सर्जिकल ब्लेड आणून दिलं. आडवं धरून मी ते तिरकं शिखर तासलं. पांढऱ्या रंगाचा भुगा जमिनीवर पडत होता, आणि तो पोरगा श्वास रोखून बघत होता.

मग नदीचा हिरवा कालवून तासलेल्या जागी लावला. तो ठिगळासारखा दिसायला लागला. तैलरंग वाळल्यावर जागोजाग कोरडे, मळके दिसतात. ओला नवा रंग त्याशेजारी तकतकीत दिसतो. मला वाटलं, शेजारचं पाणी थोडं उजळावं, म्हणजे मेळ बसेल. पाणी उजळलं तर पायऱ्या निस्तेज दिसायला लागल्या. पायऱ्यांवर ऊन वाढवलं, तर आभाळ फिकं वाटलं. जेवायलाही उठलो नाही. चारच्या सुमाराला मागे सरकून बघितलं, तर देवळावर सकाळ होती आणि आभाळात संध्याकाळ. चित्र एकतीस वर्षांच्या माणसानं रंगवलेलं, आणि हात चाळीस वर्षांच्या माणसाचा फिरलेला. दोघांचाही मान राहिला नव्हता.

मी तिथल्या बाकावर बसलो. कंपाउंडरनं चहा आणला. काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

चहा संपल्यावर मी फडकं टर्पेंटाईनमध्ये बुडवलं, पिळलं आणि दिवसभराचं सगळं काम हलक्या हातानं पुसून टाकलं. पोरगा ओरडलाच, “सर, अहो काय करताय!” पण तासलेली जागा सोडली तर खाली नऊ वर्षांपूर्वीचं चित्र जसंच्या तसं होतं. वाळलेला तैलरंग जागचा हलला नाही, फक्त ओला निघाला. नीट ऐका, आजच्या बोलण्यातली कामाची गोष्ट हीच आहे. पक्क्या वाळलेल्या तैलरंगावर लावलेला ओला रंग त्याच दिवशी पुसता येतो. त्याच दिवशी. म्हणजे करून बघता येतं, आणि नाही पटलं तर परत जाता येतं. जोर मात्र लावायचा नाही, घासायचं नाही.

मग सकाळीच करायला हवं होतं ते केलं. बोटाएवढ्या कापडाला जवसाच्या तेलाचे दोन थेंब लावून जुनं पाणी हलकेच चोळलं आणि जादा तेल टिपून घेतलं. मळके डाग नाहीसे झाले, जुना हिरवा खोल, ओला दिसायला लागला, रंगवला त्या दिवशी दिसला होता तसा. आता नवा हिरवा कालवला तो मुकाट्यानं त्यात मिसळला. अल्ट्रामरीन, यलो ऑकर, थोडा बर्न्ट अंबर, आणि शिखरासाठी पांढरा. पाण्यातलं शिखर वरच्यापेक्षा जरा गडद ठेवलं, कारण उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद दिसतं आणि गडद वस्तूचं किंचित उजळ. सरळ खाली काढलं. वाऱ्यानं मोडावं म्हणून चपट्या ब्रशनं तीन ठिकाणी आडवं फिरवलं. चाळीस मिनिटं लागली. बाकी कशालाही हात लावला नाही. आभाळ मला अजूनही आवडत नाही, पण ते राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात आजोबा पट्टी बदलायला आले होते. कंपाउंडर सांगत होता, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “आता पाणी थांबलं.”

गोष्टीतच बराच वेळ गेला. आता चार कामाच्या गोष्टी भराभर सांगतो.

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून वेळ लागतो. दुधावर साय येते तसं वरून कोरडं वाटतं आणि आत ओलं असतं. जाड रंग असेल तर काही महिने थांबा. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा हवा, नाहीतर भेगा जातात. कमी तेलावर जास्त तेल, उलट नाही. तैलरंगावर ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचे प्लास्टिकसारखे रंग, लावू नका, ते धरत नाहीत आणि पापुद्रे सुटतात. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी ऐकावं. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, ती बोळ्यात कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा. बोळा करायचा नाही, पसरून वाळवायचं.

जलरंगात मात्र एवढी मोकळीक नाही. तिथे पांढरा म्हणजे कागदच. ओल्या ब्रशनं रंग भिजवून टिपकागदानं उचलता येतो, पण प्रशियन ब्लूसारखा रंग कागदात मुरतो तो मुरतोच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, समोर त्यांची मुलगी गीता उभी होती, आणि ते जलरंगात आहे! बोटांमधून झिरपणारा तो उजेड तिथे कागदाच्या पांढऱ्यातून आलेला. म्हणून मुलांच्या हातात पहिल्या दिवसापासून खोडरबर देऊ नये असं मी पालकांना सांगत आलो. चुकलेली रेघ कागदावर राहू द्या. तिच्याशेजारी बरोबर रेघ कुठे हवी ते डोळ्याला दिसतं.

जुनी रेघ चित्रातही कधीकधी परत वर येते. तैलरंग वर्षानुवर्षं थोडे थोडे पारदर्शक होत जातात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझनं काढलेला घोड्यावर बसलेला राजा फिलिप चौथा आहे. घोड्याच्या मागच्या पायांपाशी आधी काढून झाकलेले पाय आता दिसू लागलेत. आमच्या दवाखान्यातही संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं, की ब्लेडनं तासलेल्या जागी जुन्या कलत्या शिखराची कड पुसटशी दिसते. त्याचं मला वाईट वाटत नाही.

दुसऱ्यांच्या ओरड्यामुळे चित्र बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. जॉन सिंगर सार्जंटनं १८८४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘मादाम एक्स’ लावलं, त्यात त्या बाईच्या झग्याचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला होता. केवढा गहजब झाला. त्यानं पुढे पट्टा खांद्यावर सरळ रंगवला. चित्र आजही थोर आहे, पण तो घसरलेला पट्टा गेला याची मला हळहळ वाटते. आजोबांनी मला नदी दाखवली. पॅरिसच्या लोकांनी सार्जंटला नुसती लाज दाखवली.

वेळ होत आली. जाता जाता प्येर बोनारबद्दल सांगतो. हा फ्रेंच चित्रकार आयुष्यभर आपली चित्रं सुधारत राहिला. संग्रहालयात मित्राला पहारेकऱ्याशी बोलत ठेवून खिशातल्या रंगांनी तो भिंतीवरचं स्वतःचं चित्र दुरुस्त करायचा, अशी गोष्ट चित्रकारांत सांगितली जाते. त्याचं अखेरचं चित्र म्हणजे फुललेलं बदामाचं झाड, ल कॅने गावातल्या त्याच्या घराच्या बागेतलं. जानेवारी १९४७. अंथरुणाला खिळलेला. चित्र झालं होतं, पण झाडाखालच्या जमिनीचा एक हिरवा तुकडा त्याला खुपत होता. तिथे पिवळा हवा, असं तो म्हणत राहिला. हातात ब्रश धरायचं बळ नव्हतं. शेवटी भाच्याच्या मदतीनं त्यानं तो तुकडा सोनेरी पिवळ्यानं झाकला. २३ जानेवारीला तो गेला. चित्र पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. पुस्तकात किंवा फोनवर कधी समोर आलं तर झाडाच्या पांढऱ्या बहरावरून नजर खाली आणा, डाव्या कोपऱ्यात. तो पिवळा तिथे आहे.

नमस्कार.