नॅनो औषध गाठ शोधत जात नाही हो!

नमस्कार मंडळी. कॅन्सरच्या केमोवरच्या व्हिडिओखाली तुमचं एकच चाललंय, "नॅनोवाल्या औषधावर बोला", तर बोलूया. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, शाळेत झालंय; अशा मापात मोजायच्या बारीक कणांतून दिलेलं औषध ते नॅनो औषध, पुढे चला.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये लोक ज्याला नॅनो केमो म्हणतात ते बहुतेक वेळा नॅब-पॅक्लिटॅक्सेल असतं. पॅक्लिटॅक्सेल जुनंच, पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावात मिसळून देतात आणि ॲलर्जी येते ती बऱ्याचदा त्या द्रावाची, मग आधी स्टेरॉइड द्या, ॲलर्जीचं इंजेक्शन द्या, आणि मग तीन तास सलाईन. नॅबमध्ये तो द्रावच नाही. औषध अल्ब्युमिनला, आपल्या रक्तात असतं त्याच प्रथिनाला, बांधलेलं, कण साधारण 130 नॅनोमीटरचे, अर्ध्या तासात संपतं. माझ्या मावशीने तर सुई काढल्यावर नर्सला विचारलं, "एवढंच? आणि मी दोन डबे घेऊन आले!" अमेरिकेत याला 2005 मध्येच मंजुरी मिळालीये, त्यामुळे "नवीन शोध" म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता माझं डोकं फिरतं ती गोष्ट. लोक म्हणतात, "नॅनो औषध थेट गाठीवर जाऊन बसतं." नाही बसत! रक्त नेईल तिकडे जातं. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून कण आत झिरपतात आणि अडकतात, हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदांनी 1986 मध्ये मांडलं, खरंय. पण झिरपतात किती? टोरांटोच्या संशोधकांच्या गटाने 2016 मध्ये प्राण्यांवरचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले, तर दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचले ते मध्यक (सगळे निकाल ओळीत लावून मधला) काढला तर 0.7 टक्के. एक टक्कापण नाही! यकृत आणि प्लीहा बरेच कण आधीच पकडतात.

आकडे नको असतील तर केस बघा. नॅब घेतलं तरी केस जातात, हातापायाला मुंग्या तर साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा जास्त येऊ शकतात. फक्त गाठीवर जात असतं तर केसांनी काय घोडं मारलं होतं?

आणि डॉक्सोरुबिसिन, केमोचं ते लाल औषध, चरबीच्या बारीक पिशव्यांत भरून देतात ना, त्यात हृदयाला त्रास कमी होतो. मोठा फायदा हा आहे, हृदय वाचतं. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, म्हणजे औषध तिथेही गेलंच की.

एक दादा लिहितात, "दोन्हीत पॅक्लिटॅक्सेलच, मग स्वस्तातलं बदलून घेऊ का?" दादा, नका! तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात साध्याचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 175 मिलिग्रॅम, नॅबचा 260. अदलाबदल परस्पर करायची नाही, डॉक्टरांनाच विचारा.

निदानाचं राहिलंच. मॅमोग्राफी आणि बायोप्सीला सुट्टी देणारी नॅनो टेस्ट कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. खरा उपयोग ऑपरेशनच्या वेळी होतो, लोहाच्या ऑक्साइडचे कण स्तनात टोचतात, ते काखेतल्या पहिल्या लसिका ग्रंथींपर्यंत (या कॅन्सरच्या गाठी नव्हेत) जातात, सर्जन चुंबकीय प्रोब फिरवून त्या शोधतात आणि कॅन्सर तिथे पसरलाय का ते तपासायला काढतात, किरणोत्सर्गी द्रव्य लागत नाही. पण कातडीवर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि पुढे त्या स्तनाचा एमआरआय काढायचा असेल तर हेच लोह चित्र खराब करतं, तेव्हा एमआरआय लागणार आहे का ते ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.