अठ्ठावीस दिवसांची राखण

(दृश्य : गडचिरोली जिल्हा. कुडाचं घर, ओसरीवर आशाताई, झोळीत बाळ.)

आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. मग बाळाचे कपडे उतरवायचे. झोळी जमिनीपासून जेमतेम वर, खाली आईचा हात. काटा डोळ्यांच्या रेषेत आल्यावरच वाचायचा. वरून वाकून पाहिलं की आकडा चुकतो आणि २५०० ग्रॅमच्या आतलं बाळ कागदावर धडधाकट ठरतं.

(दृश्य : बाळाचं पोट, शेजारी घड्याळ.)

आता श्वास. मोजायचा तो पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं इथं चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. बाळ रडत असेल तर थांबायचं. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. घाईत नेमकं हेच दुसऱ्यांदा मोजणं राहून जातं.

नवजात बाळाची घरीच अशी देखभाल करण्याची ही पद्धत घडली ती याच जिल्ह्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ मध्ये ३९ गावं प्रयोगासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली. तुलनेच्या गावांत सरकारी सेवा नेहमीसारख्या सुरू होत्या. १९९५-९६ मध्ये गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांनी, म्हणजे आरोग्यदूतांनी, ७६३ नवजात बाळांच्या घरी जाऊन जन्मापासून २८ दिवस नोंदी ठेवल्या. जवळपास निम्म्या बाळांना धोक्याचा आजार झाला. डॉक्टरांच्या नजरेखालून गेली फक्त २.६ टक्के.

संशोधनातला खरा पेच इथं आहे. बाळं कशानं दगावतात हे वहीत उतरलं होतं. सर्वांत मोठं कारण जंतुसंसर्ग, त्यावरचं इंजेक्शन स्वस्त, पण ते द्यायला गावात डॉक्टर नाही. दहावीही न झालेल्या बाईच्या हाती सुई देणं धोक्याचं, हा आक्षेप रास्तच होता. पण हातावर हात ठेवून बसण्यातही धोका होता आणि तो सगळा बाळाच्या वाट्याला येत होता. संस्थेनं आरोग्यदूतांना जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचायला शिकवलं. सोबत तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल हे दुसरं प्रतिजैविक. आई-वडील हो म्हणाले तरच सुई, आणि वर सततची देखरेख.

(दृश्य : नोंदवहीची पानं, जवळून.)

जंतुसंसर्ग ओळखायला सात लक्षणं ठरवली गेली : रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं, बाळ मलूल पडणं, अंग तापणं किंवा गार पडणं, त्वचेवर किंवा नाळेत पू, जुलाब किंवा सततची उलटी किंवा पोट फुगणं, कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुसंसर्ग समजायचा. रक्ततपासणीची वाट पाहायची नाही.

या कामाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं निष्कर्ष छापले.

अशा घरच्या देखभालीच्या देशभरासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या २०११ मध्ये. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईची भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. काटा आला, थर्मामीटर आला, उबदार पिशवी आली. इंजेक्शन तेवढं यादीतून गळलं. मोबदला २५० रुपये, आणि अटींमध्ये एक अशी, की ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. मृत्यूची खरी नोंद हवी असेल, तर ती करणाऱ्या बाईचे पैसे बाळाच्या जिवाला बांधायचे कशाला?

(दृश्य : पावसाळा, रस्त्यावर चढलेलं पाणी.)

२०१४ मध्ये जेंटामायसिन देण्याची मुभा एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला मिळाली. बाळाला रुग्णालयात नेणं जमत नसेल, तर पूर्ण सात दिवस तिनंच सुई द्यायची. एएनएम असते उपकेंद्रात, एका उपकेंद्राखाली बरीच गावं, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.